‘सिन्स लास्ट टू इयर्स’: इंग्रजीच्या वापराविषयीच्या शंका आणि त्यांना मिळणारी उत्तरे

महाराष्ट्रात पदवीच्या पहिल्या वर्षाला अनिवार्य इंग्रजी शिकविणाऱ्या प्राध्यापकाला एक वाक्य पुरते परिचयाचे असते: ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स लास्ट टू इयर्स’. उत्तरपत्रिकेत त्याखाली लाल रेघ पडते. एखाद्या विद्यार्थ्याने धीर करून कारण विचारलेच, तर उत्तरही ठरलेले असते. ‘सिन्स’ हा शब्द काळातील बिंदूसाठी, ‘फॉर’ हा कालावधीसाठी, आणि क्रियापद पूर्ण वर्तमानकाळात हवे. या उत्तरात एकही अक्षर चुकीचे नाही. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतो, ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नात गुणही मिळवितो आणि पुढच्याच निबंधात पुन्हा ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ असे लिहितो.

बरोबर असलेले उत्तर निरुपयोगी का ठरते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचे खापर विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणावर फोडणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सन २००० मध्ये सुरू झाला. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले बारा वर्षे इंग्रजी शिकून महाविद्यालयात आली आणि त्यांच्या वह्यांतही हे वाक्य होतेच. तेव्हा उणीव तासांच्या संख्येत शोधण्यापेक्षा उत्तराच्या घडणीत शोधणे अधिक योग्य होय. ही उत्तरे ज्या ग्रंथांतून येतात, त्यांतील रेन आणि मार्टिन यांचे शालेय व्याकरण व मायकेल स्वान यांचे ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’ या दोहोंचा येथे विचार केला आहे. मराठी वाचकाला ज्ञात असलेली तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ तुलनेसाठी घेतली आहे.

भाषेच्या वापराविषयीच्या शंकांना उत्तरे देणारा ग्रंथ हा प्रकार इंग्रजीत मुळात परक्या विद्यार्थ्यासाठी जन्मला नाही. हेन्री वॉटसन फाउलर यांचा ‘डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज’ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा वाचक जन्मापासून इंग्रजी बोलणारा, लिहिताना मात्र बिचकणारा होता. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालावे की नाही या वादावर फाउलर यांनी इंग्रजी बोलणाऱ्या जगाचे पाच वर्ग पाडले आहेत, आणि ते वाचताना आजही हसू येते. तथापि हा वाद घरातल्या माणसांचा आहे. ज्याला कोणता प्रयोग स्वाभाविक हे कानाने कळते, त्याला तो शिष्टसंमत आहे की नाही एवढेच विचारायचे असते. भुसावळच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याची शंका या जातीची नाही. कोणता प्रयोग स्वाभाविक, हेच त्याला ठाऊक नसते. त्याच्या कानात दुसरी भाषा बसलेली असते.

रेन आणि मार्टिन यांचे ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ हे पुस्तक भारतीय विद्यार्थ्यासाठीच लिहिले गेले, म्हणून त्याच्याकडून अधिक अपेक्षा करणे गैर नाही. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे भारतीय शिक्षण सेवेत होते आणि त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत त्यांनी हेडमास्तर म्हणून काम केले. ‘बो जेस्ट’ या साहसकथेचे लेखक तेच, ही गोष्ट त्यांचे व्याकरण घोकलेल्या अनेकांना ठाऊक नसते. १९३० च्या दशकात आलेले हे पुस्तक पुढे एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी सुधारले आणि ते आजही विकले जाते. त्याची पद्धत व्याख्येपासून सुरू होते. आधी संज्ञा, मग नियम, मग दोन-चार वाक्ये आणि अखेरीस लांबलचक स्वाध्याय. ‘सिन्स’विषयीचा त्याचा नियम वर दिला तोच आहे. नियमाबद्दल तक्रार नाही. मात्र या पुस्तकात विद्यार्थ्याची शंका कोठेही शंका म्हणून भेटत नाही. नियम स्वयंभू असतो आणि चूक म्हणजे त्याचा भंग. पुस्तक भारतासाठी लिहिले गेले, पण भारतीय भाषा त्यात नाहीत. काही भारतीय चुका सुधारून दाखविलेल्या आहेत, परंतु त्या का होतात या प्रश्नाची नोंद नाही.

या पुस्तकाची हेटाळणी करण्याची एक रीत अलीकडे पडली आहे. ती अन्यायाची होय. ग्रंथालये नसलेल्या गावांत एका पुस्तकाच्या बळावर इंग्रजी लिहू लागलेली माणसे याच पुस्तकाने घडविली. वाक्यपृथक्करणाचा त्यातील सराव आजच्या रंगीत पाठ्यपुस्तकांत शोधून सापडत नाही.

स्वान यांचा ग्रंथ १९८० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. १९९५, २००५ आणि २०१६ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. फाउलर यांची वर्णानुक्रमाची चौकट त्यांनी घेतली आणि तिच्यात मूळ भाषिकाऐवजी परका विद्यार्थी बसविला, हे त्यांचे खरे कार्य. प्रत्येक नोंद एका अडचणीची आहे. बरोबर वाक्याशेजारी विद्यार्थी हमखास लिहितो ते चुकीचे वाक्य ‘नॉट’ असा शिक्का मारून छापलेले असते. रेन आणि मार्टिन यांच्या पानावरून या पानावर आलेल्या वाचकाला प्रथम जाणवतो तो स्वर. येथे शिक्षक फळ्याकडे तोंड करून उभा नाही, विद्यार्थ्याच्या वहीत डोकावतो आहे. पूर्ण वर्तमानकाळाबरोबर ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ असे शब्द येत नाहीत हा नियम सांगून झाल्यावर, वृत्तपत्रांच्या छोट्या बातम्यांत मूळ भाषिकही क्वचित तसे लिहितात, हेही स्वान नोंदवितात. अपवाद लपविल्याने नियम नेटका दिसला असता, तो मोह त्यांनी टाळला. रेमंड मर्फी यांचे १९८५ चे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ सरावासाठी अधिक सोयीचे आहे, परंतु शंकेच्या मुळाशी जाण्यात ते स्वान यांच्या पुढे जात नाही. म्हणून त्याची वेगळी चर्चा येथे केलेली नाही.

स्वान यांचे मूल्यमापन करण्यासाठी बाहेरून निकष आणण्याची गरज नाही. ते त्यांनीच पुरविले आहेत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात अध्यापनासाठीच्या भाषिक नियमाला लावावयाच्या सहा कसोट्या त्यांनी मांडल्या: सत्यता, सीमांकन, स्पष्टता, सोपेपणा, संकल्पनांची काटकसर आणि प्रस्तुतता. सीमांकन म्हणजे नियम कोठे लागू होतो आणि कोठे संपतो, ते सांगणे. शेवटची कसोटी येथे सर्वाधिक महत्त्वाची आहे. विद्यार्थ्याच्या इंग्रजीतून जो प्रश्न उभा राहतो त्याचेच उत्तर नियमाने द्यावे, असे स्वान यांचे म्हणणे आहे. हा प्रश्न विद्यार्थी तोंडाने विचारेलच असे नाही, त्याच्या चुकीतून तो विचारला जातो. आता ही कसोटी गंभीरपणे घेतली, तर जगातील सर्व मातृभाषांच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला कोणताही एक ग्रंथ तीत पूर्णपणे उतरू शकत नाही. एकच चूक दोन वेगळ्या भाषांतून आली असेल, तर वरवर सारख्या दिसणाऱ्या त्या दोन चुकांमागे दोन भिन्न प्रश्न असू शकतात. स्वान यांना हे ठाऊक होते. बर्नार्ड स्मिथ यांच्यासह त्यांनी संपादिलेला ‘लर्नर इंग्लिश’ हा ग्रंथ १९८७ मध्ये निघाला, त्याची दुसरी आवृत्ती २००१ ची. निरनिराळ्या भाषांचे बोलणारे इंग्रजीत कोठे आणि का अडखळतात, हे त्यात भाषावार सांगितले आहे. इटालियनला, ग्रीकला, पोलिशला स्वतंत्र प्रकरण आहे. मराठीला नाही. ती दक्षिण आशियाई भाषांच्या एकत्रित प्रकरणात सामावली आहे.

याबद्दल इंग्लंडमधील संपादकांना दोष देण्यात अर्थ नाही. मराठीचे प्रकरण लिहिणे हे मराठी जाणणाऱ्या इंग्रजीच्या अध्यापकांचे काम होते. उच्चारांच्या बाबतीत त्याची सुरुवात फार पूर्वी झाली होती. अशोक केळकर यांचा ‘मराठी इंग्लिश’ या विषयावरील शोधनिबंध १९५७ चा आहे. व्याकरण आणि वापर यांच्या बाबतीत तेवढ्या तोलाचे, वर्गात उपयोगी पडेल असे काम सहज हाती लागत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

आता मूळ वाक्याकडे वळू. ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स लास्ट टू इयर्स’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात ‘मी गेल्या दोन वर्षांपासून पुण्यात राहत आहे’ हे वाक्य असते. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली की चूक ही चूक वाटेनाशी होते. ते इमानदार भाषांतर आहे. ‘गेल्या’साठी ‘लास्ट’, ‘पासून’साठी ‘सिन्स’, ‘राहत आहे’साठी ‘ॲम लिव्हिंग’. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ या दोहोंना एकच शब्दयोगी अव्यय पुरते. इंग्रजी तेथे दोन शब्द वापरते. बिंदू आणि कालावधी हा भेद विद्यार्थ्याला समजत नाही असे नव्हे. सोमवार हा दिवस आहे आणि दोन वर्षे हा काळ आहे, हे शेंबडे पोरही जाणते. हा भेद भाषेत नोंदविण्याची सवय ‘पासून’ने त्याला लावलेली नाही, एवढेच. म्हणून बिंदू-कालावधीचा नियम त्याला सत्य वाटतो, सोपा वाटतो, पण वाक्य जुळविण्याच्या क्षणी आठवत नाही.

मात्र मराठीत एक वाट आहे, आणि ती कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दाखविलेली नाही. ‘दोन वर्षांपासून मी पुण्यात राहतो’ याऐवजी मराठी माणूस तितक्याच सहजपणे ‘गेली दोन वर्षे मी पुण्यात राहतो आहे’ असे म्हणतो. येथे ‘पासून’ गळून पडला. ‘बऱ्याच दिवसांपासून’ याचे ‘गेले बरेच दिवस’ होते, ‘तीन तासांपासून’ याचे ‘गेले तीन तास’. परंतु ‘सोमवारपासून मी आजारी आहे’ या वाक्याचे ‘गेला सोमवार मी आजारी आहे’ असे होत नाही. ‘लहानपणापासून’चे ‘गेले लहानपण’ होत नाही, ‘कालपासून’चे ‘गेला काल’ होत नाही. मराठी बोलणाऱ्या कोणालाही हे नियमावाचून कळते. तेव्हा विद्यार्थ्याला सांगता येईल: ‘पासून’ काढून ‘गेली’ किंवा ‘गेले’ घालता आले, तर इंग्रजीत ‘फॉर’, नाही आले, तर ‘सिन्स’. ज्या कानावर विसंबून फाउलर यांचा वाचक निर्णय घेत होता, तोच कान येथे मराठीच्या वाटेने विद्यार्थ्याच्या उपयोगी पडतो.

स्वान यांच्या कसोट्यांवर हे उत्तर पारखून पाहावयास हवे. संकल्पनांची काटकसर तर आहेच, कारण एकही नवी संज्ञा लागत नाही. प्रस्तुतता आहे. सीमांकनात मात्र ते थोडे ढळते. ‘गेल्या वर्षापासून’ या प्रयोगात ‘गेल्या’ आधीच उपस्थित असतो, आणि तेथे इंग्रजीत ‘सिन्स लास्ट इयर’ हेच बरोबर असते. याउलट ‘गेले वर्षभर’ म्हटले की ‘फॉर द लास्ट इयर’ येते. ‘भर’ या एका अक्षरजोडीने बिंदूचा कालावधी होतो, हे वर्गात दाखवून द्यावे लागेल. ‘गेल्या दोन वर्षांपासून’ हा वृत्तपत्री मराठीचा लाडका प्रयोग तर ‘गेली’ आणि ‘पासून’ दोघांनाही एकत्र नांदवितो. ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ची मराठी प्रत हीच. ज्याच्या मराठीत ‘गेली दोन वर्षे’ टिकून आहे, त्याला इंग्रजीतील ‘फॉर’ उमगणे सोपे जावे असा तर्क करता येतो.

या कसोटीने शब्दयोगी अव्ययाचा प्रश्न सुटतो, काळाचा सुटत नाही. ‘राहतो आहे’ याचे ‘हॅव बीन लिव्हिंग’ का करावे? मराठीत क्रिया चालू आहे ना, मग वर्तमानकाळ. वक्ता आज येथे उभा राहून आज चालू असलेल्या क्रियेकडे पाहतो. इंग्रजीत तो मागे वळून, क्रिया जेथे सुरू झाली तेथपासून आजपर्यंतचे अंतर मोजतो, आणि असे मोजलेले अंतर पूर्ण वर्तमानकाळात सांगितले जाते. नुसते ‘सिन्स असले की हॅव बीन’ हे सूत्र परीक्षेपुरते असते.

येथे स्वान यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. हा घोटाळा एकट्या मराठीचा नाही. जर्मन भाषेतील ‘झाइट’ आणि फ्रेंचमधील ‘दप्वी’ हे शब्द मराठी ‘पासून’सारखेच दोन्हीकडे चालतात, आणि त्या भाषाही तेथे वर्तमानकाळच वापरतात. म्हणूनच ‘सिन्स’, ‘फॉर’ आणि ‘फ्रॉम’ यांचा एकत्र विचार करणारी स्वान यांची नोंद मराठी वाचकालाही बरीच जवळची वाटते. ती जर्मन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांच्या चुका पाहिलेल्या माणसाने लिहिली आहे. मराठी विद्यार्थ्याला येथे शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी मिळते. जेथे असा शेजारी नसतो तेथे हा ग्रंथ तोकडा पडतो.

उपपदांचे उदाहरण घ्यावे. इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ यांना मराठीत प्रतिशब्द नाहीत, म्हणून मराठी विद्यार्थ्याला निश्चित-अनिश्चित हा भेदच अपरिचित आहे असे गृहीत धरून त्याला पंधरा-वीस उपनियम दिले जातात. गृहीतच चुकीचे आहे. ‘तो नोकर शोधतो आहे’ आणि ‘तो नोकराला शोधतो आहे’ या दोन वाक्यांतला फरक मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. पहिल्यात कोणीही चालेल, दुसऱ्यात विशिष्ट माणूस हरवला आहे. पहिल्याचे इंग्रजी ‘अ सर्व्हंट’, दुसऱ्याचे ‘द सर्व्हंट’. तसेच ‘अंगणात मुलगा उभा आहे’ आणि ‘मुलगा अंगणात उभा आहे’ यांत केवळ शब्दक्रमाने तो भेद साधला आहे. म्हणजे इंग्रजी जे एका छोट्या शब्दाने सांगते, ते मराठी कधी ‘ला’ प्रत्ययाने, कधी क्रमाने, कधी ‘एक’ किंवा ‘तो’ लावून सांगते. हे साम्य फार ताणता येणार नाही. ‘एका नोकराला शोधतो आहे’ म्हटले की ‘ला’ असूनही इंग्रजीत ‘अ’ येईल, आणि निर्जीव वस्तूंना कर्मस्थानी ‘ला’ सहसा लागतच नाही. तरीही विद्यार्थ्याकडे हा भेद आधीपासून आहे, एवढे सांगितल्यानेही त्याची उपपदांकडे पाहण्याची दृष्टी बदलू शकते.

वर्णानुक्रमाच्या ग्रंथाची एक अडचणही याच ठिकाणी उघडी पडते. सूचीत शोधण्यासाठी शब्द हातात लागतो. जो शब्द विद्यार्थ्याने लिहिलाच नाही, तो तो शोधणार कसा? गाळलेले ‘द’ कोणत्याही अक्षराखाली सापडत नाही. २०१६ च्या आवृत्तीत व्याकरणाच्या नोंदी विषयवार लावल्या गेल्या, तेव्हा ही अडचण काहीशी कमी झाली. पण विषयाचे नाव ठाऊक असणे हीही एक अटच आहे.

‘से’ आणि ‘टेल’ यांची कथा निराळी. ‘ही टोल्ड दॅट ही वॉज इल’ आणि ‘ही सेड मी’ ही दोन वाक्ये दोन वेगळ्या चुका म्हणून तपासली जातात. वस्तुतः त्या एकाच गैरसमजाच्या दोन बाजू आहेत. ‘सांगणे’ म्हणजे ‘टेल’ आणि ‘म्हणणे’ म्हणजे ‘से’, अशी जोडी शाळेत लावून दिली जाते. मराठीत ‘त्याने सांगितले की तो आजारी आहे’ येथे कोणाला सांगितले हे नसले तरी चालते, आणि ‘तो मला म्हणाला’ येथे ‘मला’ सरळ येतो. मराठीतील भेद अर्थाचा आहे. माहिती किंवा आज्ञा दिली तर सांगणे, शब्द उच्चारले तर म्हणणे. इंग्रजीतील भेद पुष्कळसा रचनेचा आहे. ऐकणारा कर्म म्हणून लगेच आला तर ‘टेल’, न आला तर ‘से’. जोडी लावणाऱ्या उत्तरानेच येथे चूक पेरली.

तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’चा विचार या संदर्भात करावा लागतो. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्याचे मराठी करीत ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांच्या शिक्षणात मराठीला लपावे लागत नव्हते. पुढे प्रत्यक्ष पद्धती आणि रचना पद्धती आल्या, इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणे हा अध्यापकाचा कमीपणा ठरला आणि भाषांतराबरोबर तुलनाही वर्गाबाहेर गेली. भाषांतर पाठमालेच्या पद्धतीत दोष होताच. ती शब्दाला शब्द, वाक्याला वाक्य जुळविते. दोन भाषांची वाक्ये समोरासमोर ठेवूनही त्यांच्यातला सांधा कोठे निखळतो, हे सांगण्यापाशी ती पद्धत थांबत नाही. ‘सांगणे’ आणि ‘टेल’ ही जोडी त्याच परंपरेची देणगी. तरीही विद्यार्थ्याचा प्रश्न मराठीतून जन्मतो हे तिला कळले होते, आणि ते ज्ञान तिच्यानंतरच्या आधुनिक पुस्तकांनी टाकून दिले. गाय कुक यांनी २०१० मध्ये भाषांतराच्या अध्यापनातील स्थानावर पुस्तक लिहून त्याची पुनर्मांडणी केली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नेही वर्गातील अनेक भाषांकडे साधनसंपत्ती म्हणून पाहण्यास सांगितले. महाविद्यालयीन वर्गापर्यंत हे विचार कितपत पोहोचले, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या वर्गाला विचारावा.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. मराठीचा आधार दिला की विद्यार्थी कायम मराठीत विचार करील, हा पहिला. त्यात फारसे तथ्य नाही. वर उद्धृत केलेले वाक्य मराठीत विचार करूनच लिहिले गेले आहे, आणि ते मराठीवर बंदी असलेल्या वर्गात लिहिले गेले आहे. विचार कोणत्या भाषेत करावा हे अध्यापकाच्या हाती नसते. जो विचार होतोच आहे तो उघड्यावर आणणे एवढेच त्याला करता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की विद्यार्थ्याच्या सगळ्याच चुका मातृभाषेतून येत नाहीत. काही शिकविण्याच्या पद्धतीतून येतात, काही नवी भाषा स्वतः जुळविण्याच्या खटपटीतून. ‘आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स’ हे वाक्य त्याचे उत्तम उदाहरण. ‘मला दोन भाऊ आहेत’ यातील ‘आहेत’मुळे ‘ॲम’ आला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु अगदी वेगळ्या कुळातील भारतीय भाषा बोलणारेही हेच वाक्य म्हणतात. तेव्हा मराठीकडे बोट दाखविणे येथे घाईचे होईल. चालू वर्तमानकाळ शाळेत लवकर आणि अतोनात घोकून घेतला जातो, हे कारण अधिक संभवनीय आहे. तुलनेची पद्धत वापरणाऱ्याने प्रत्येक चुकीला मराठी मूळ शोधण्याचा हव्यास धरू नये, नाही तर एका नियमाच्या जागी दुसरे खोटे स्पष्टीकरण बसेल.

कधी कधी तर मराठी आणि इंग्रजी एकाच बाजूला असतात आणि तरीही चूक होते. ‘इफ ही विल कम, आय विल गो’ हे वाक्य त्यातले. ‘इफ’नंतर भविष्यकाळ येत नाही हा नियम विद्यार्थ्याला अन्यायाचा वाटतो, घटना तर उद्याची आहे. पण तोच विद्यार्थी मराठीत ‘तो येईल तर मी जाईन’ असे म्हणत नाही. ‘तो आला तर मी जाईन’ असे म्हणतो. उद्याच्या गोष्टीसाठी तो बिनदिक्कत भूतकाळाचे रूप वापरतो, आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. अटीच्या भागात भविष्यकाळ टाळणे ही इंग्रजांची लहर नव्हे, हे त्याच्याच तोंडचे वाक्य फळ्यावर लिहून दाखविता येते.

तिसरा आक्षेप भारतीय इंग्रजीच्या अभ्यासकांचा. परू निहलानी, आर. के. टंग आणि प्रिया होसाली यांनी १९७९ मध्ये भारतीय व ब्रिटिश इंग्रजीच्या वापरावर जे पुस्तक सिद्ध केले, त्यात भारतीय प्रयोगांशेजारी ब्रिटिश प्रयोग ठेवले आहेत. ‘डिस्कस अबाउट’ ही चूक की वेगळी वहिवाट, हा प्रश्न असा सरळ नाही. ‘विषयी चर्चा करणे’ हे त्याचे मराठी मूळ स्पष्ट असले तरी कोट्यवधी लोक एखादा प्रयोग करीत असतील तर त्याला चूक म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे विचारले जाणारच. येथे अध्यापकाने प्रामाणिक असावे. कोठे चालेल आणि कोठे गुण जातील, हे दोन्ही सांगावे. स्पर्धा परीक्षांतील ‘चूक ओळखा’ या प्रश्नापुढे भाषाशास्त्रीय उदारमतवाद विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही.

शेवटचा आक्षेप मात्र वरील सर्व मांडणीलाच हात घालतो. मराठी माध्यमाच्या वर्गातील प्रत्येकाची मातृभाषा मराठी असते, हे गृहीत धरूनच ‘गेली दोन वर्षे’ ही कसोटी सुचविली गेली. नंदुरबारच्या महाविद्यालयात भिली बोलत मोठा झालेला, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारा, सोलापुरात घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारा विद्यार्थी याच वर्गात बसलेला असतो. हिंदी किंवा उर्दू बोलणाऱ्यालाही ही कसोटी जशीच्या तशी उपयोगी नाही, कारण ‘पिछले दो साल से’ यातील ‘से’ सहसा सुटत नाही. या मुलांसाठी मराठी हीच शाळेत कष्टाने मिळविलेली दुसरी भाषा असते, आणि ‘गेला सोमवार’ कानाला खटकतो की नाही हे त्यांना विचारणे म्हणजे पुन्हा एकदा परक्या भाषेतील नियम विचारणेच असते. त्यांच्या इंग्रजीत कोणता प्रश्न दडला आहे, हे कळण्यासाठी अध्यापकाला आधी ‘दोन वर्षांपासून’ याला गोंडीत काय म्हणतात, हे त्यांच्याकडून ऐकून घ्यावे लागेल.